तो खोल आवाज खरा आहे का, आणि तिथून पुढे रशियन संगीत कसं ऐकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोबाईलवर एका रशियन गायकाचा अतिशय खोल आवाज ऐकलात आणि अंगावर काटा आला. हा माणसाचाच आवाज की यंत्राची करामत, अशी शंका आली. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून रशियन रचनाकार चायकोव्स्कीची अख्खी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची कित्येक भागांची रचना, लावलीत, पण पंधरा मिनिटांत लक्ष उडालं. लहानपणापासून ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकलं आहे, रशियन येत नाही, पाश्चात्त्य स्वरलिपीही वाचता येत नाही. मग सुरुवात कुठून करायची?

मी नगरच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्या देवळात ना. वा. टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर होत आणि त्याच रविवारी चार आवाजांतली गीतंही होत. गेली तेवीस वर्षं मी पुण्यात क्वायर, म्हणजे अनेक आवाजांत गाणारा गायकवृंद, शिकवतो आणि स्वतः बास, म्हणजे पुरुषांतला सगळ्यांत खालचा आवाज, गातो. त्यामुळे खालच्या आवाजाबद्दल जे सांगेन ते गळ्याच्या अनुभवातून आहे. रशियन संगीताचा मी विद्वान नाही, पण ते गाऊन आणि गाऊन घेऊन बघितलं आहे.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. आवाज ऐकताना तुम्ही पराक्रम ऐकलात: किती खाली गेला, कसा गेला. सिंफनी लावल्यावर तो पराक्रम तिथे नव्हता, म्हणून धरायला काही सापडलं नाही. मधली पायरी सुटली आहे. तो खालचा स्वर संगीतात नेमकं काय काम करतो हे एकदा कानाला कळलं, की तेच काम तुम्हाला चेलोत (व्हायोलिनच्या घरातलं मोठं, खोल आवाजाचं वाद्य), घंटेत, पियानोच्या डाव्या हातात ऐकू यायला लागेल. रशियन संगीत गळ्याकडून वाद्याकडे गेलेलं आहे. तुम्हीही त्याच वाटेने जावं, असं माझं मत आहे.

आधी शंकेचं उत्तर. आवाज खरा असतो. अशा गायकाला ऑक्टाव्हिस्ट म्हणतात, म्हणजे क्वायरमधल्या नेहमीच्या बास आवाजाच्याही एक सप्तक खाली गाणारा. आपल्या हिशोबात सांगतो. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांचा, येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर लागते. ऑक्टाव्हिस्टला ५८ हर्ट्झचा स्वर नेहमीच्या कामात लागतो. म्हणजे तानपुऱ्याच्या खर्जाच्याही खाली, अतिमंद्र सप्तकातला शुद्ध धैवत. काही रचनांत तर तो ४९ हर्ट्झपर्यंत, अतिमंद्रातल्या तीव्र मध्यमापर्यंत उतरतो. माझा स्वतःचा तळ त्याच पट्टीत मंद्रातल्या कोमल गंधारापाशी संपतो, आणि क्वायरमध्ये मी खालचा आवाज समजला जातो.

मात्र मोबाईलवरच्या चित्रफितींत माइक तोंडाशी धरलेला असतो, कधी खालचा भाग मुद्दाम वाढवलेला असतो. प्रत्यक्षात हा आवाज गडगडाटी नसतो. बहुतेक वेळा तो हळू असतो, आणि त्याचं सौंदर्य त्या हळू असण्यातच आहे. आणखी एक गोष्ट, मोबाईलच्या स्पीकरमधून ५८ हर्ट्झ बाहेरच पडत नाही. दोनशे हर्ट्झच्या खाली त्यातून फारसं काही येत नाही. तुम्ही ऐकलात तो त्या स्वराचा वरचा स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारा वरचा स्वर, होता आणि तळ तुमच्या मेंदूने भरून काढला. तेव्हा कानावर नीट बसणारा बरा हेडफोन घ्या. फार महाग लागत नाही, पण याशिवाय पुढचं सगळं वाया आहे.

एक सावधगिरीही सांगतो, कारण माझ्याकडे येणारी मुलं हे करतात. असा आवाज रियाझाने कमावता येत नाही. स्वरतंतूंची लांबी-जाडी जन्माची असते आणि हे आवाज वयाच्या तिशी-चाळिशीत पिकतात. आपल्याकडचा खर्जाचा रियाझ आवाजाला पाया देतो, पण नसलेलं सप्तक आणत नाही. चोविसाव्या वर्षी मी एका ध्वनिमुद्रिकेसोबत गळा दाबून खाली जायचा प्रयत्न केला आणि तीन आठवडे आवाज बसला. सोबत गुणगुणायचं असेल तर एक सप्तक वर गुणगुणा.

आता हा स्वर संगीतात कशासाठी आहे? रशियातल्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतल्या चर्चमध्ये उपासनेला वाद्य चालत नाही. पश्चिम युरोपातल्या चर्चमध्ये ऑर्गन असतो, त्याचा पायाने वाजवायचा खालचा स्वर सगळ्या गाण्याला जमीन देतो. रशियन चर्चमध्ये ती जमीन माणसालाच द्यावी लागली. चाळीस-पन्नास जणांच्या क्वायरमध्ये एक किंवा दोन ऑक्टाव्हिस्ट, तेही हलक्या आवाजात, बासच्या एक सप्तक खाली उभे. त्यांचा स्वर वेगळा ऐकू येत नाही, पण तो काढून घेतला की बाकी सगळे अधांतरी वाटतात.

तुम्ही ख्याल ऐकता, म्हणून तुम्हाला हे लवकर कळेल. जवारी छान लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. कुणी तो छेडलेला नसतो. ऑक्टाव्हिस्टच्या स्वरातही तेच घडतं. त्याच्या स्वरांशांतून वरच्या आवाजांचे स्वर आधीच हवेत तयार असतात आणि वरचे गायक त्यांवर अलगद बसतात. आमच्या क्वायरमध्ये ऑक्टाव्हिस्ट नाही. तरी मी दोन बास गायकांना सगळ्यांच्या खालचा स्वर धरायला लावतो आणि सोप्रानोंचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या स्त्री-आवाजांचा, सूर एका क्षणात नीट होतो. दर वर्षी नव्या मुलांना हे करून दाखवतो, दर वर्षी त्यांचे चेहरे बदलतात.

म्हणून ऐकायची पहिली गोष्ट: सर्गेई रखमानिनोव्हची 'ऑल-नाइट व्हिजिल'. मराठीत मी त्याला 'जागर' म्हणतो, कारण रात्रभर चालणाऱ्या उपासनेसाठीचंच हे संगीत आहे. १९१५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, दोन आठवड्यांहून कमी काळात त्याने हे लिहिलं आणि मार्चमध्ये मॉस्कोच्या सिनोडल क्वायरने निकोलाई दानिलिनच्या हाताखाली ते पहिल्यांदा गायलं. एकूण पंधरा भाग, वाद्य एकही नाही. पंधरापैकी दहा भाग जुन्या चर्चमधल्या पारंपरिक चालींवर बांधलेले आहेत. उरलेले पाच त्याने स्वतः रचले, पण अशा बेताने की तेही जुनेच वाटावेत.

पंधराही भाग एकदम लावू नका. पाचवा भाग लावा, फक्त साडेतीन-चार मिनिटांचा आहे. शब्द लूकच्या शुभवर्तमानातले आहेत. शिमोन नावाचा म्हातारा आयुष्यभर वाट बघत असतो, शेवटी बाळ येशूला हातात घेतो आणि म्हणतो, 'प्रभो, आता आपल्या दासाला शांतीने जाऊ दे.' वर एक एकटा टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाज, खाली क्वायर पाळण्यासारखं हलत राहतं. शेवटी वरचे आवाज थांबतात आणि बास एकेक पायरी उतरत जातात, आवाज आणखी आणखी हळू करत, त्या ५८ हर्ट्झच्या स्वरापर्यंत. तिथे तो म्हातारा पोचलेला असतो.

रखमानिनोव्हने हा भाग वाजवून दाखवला तेव्हा दानिलिनने मान हलवून विचारलं होतं की असे बास आणायचे कुठून. रखमानिनोव्हला मात्र आपल्या मुलखातले आवाज ठाऊक होते. आपल्या अंत्यविधीला हाच भाग गायला जावा, अशी त्याची इच्छा होती. आता सांगा, इथे 'किती खाली गेला' हा प्रश्न मनात येतो का? माझ्या मनात येत नाही. स्वर खाली जातो, कारण माणूस निजायला चालला आहे.

हाच भाग आठवडाभर रोज ऐका. एक दिवस फक्त टेनर धरा, एक दिवस फक्त मधले आवाज, एक दिवस तळ. मग दुसरा भाग, ज्यात खालच्या पट्टीतला स्त्रीस्वर एकटा गातो, आणि मग सहावा, जो सगळ्यांत जास्त गायला जातो. ध्वनिमुद्रण कोणतं घ्यावं याबद्दल मतं वेगळी आहेत. मी अलेक्सांद्र स्वेश्निकोव्हचं १९६५ चं सुचवतो. सोव्हिएत राजवटीत धार्मिक संगीताला जाहीर मैफलीत जवळजवळ जागा नव्हती. तरी ते ध्वनिमुद्रण झालं, आणि गाणाऱ्यांच्या गळ्यात ते किती साठून राहिलं होतं हे त्यात ऐकू येतं. तांत्रिकदृष्ट्या नवी ध्वनिमुद्रणं जास्त स्वच्छ आहेत. तुमचा कान जुन्या मुद्रणाच्या खरखरीला सरावलेला नसेल तर नवीन घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

यानंतर ऑक्टाव्हिस्टलाच पुढे आणणारी एक रचना ऐका: पावेल चेस्नोकोव्हची, 'वृद्धपणी माझा त्याग करू नकोस' या स्तोत्रावरची. इथे सगळा क्वायर मागे आणि तो खोल आवाज एकटा पुढे आहे. व्लादिमीर पास्युकोव्हच्या आवाजात ती मिळते. चेस्नोकोव्ह मॉस्कोच्या ख्राइस्ट द सेव्हियर कथीड्रलमध्ये क्वायर सांभाळत असे. १९३१ मध्ये ते कथीड्रल सुरुंग लावून पाडलं गेलं, आणि त्यानंतर त्याने संगीत लिहिणंच थांबवलं, असं सांगतात. हे माहीत असलं की वृद्धाची ती विनवणी वेगळीच ऐकू येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'रशियन' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. या प्रार्थनांची भाषा आजची रशियन नाही, ती चर्च स्लाव्होनिक आहे, आपल्याकडे पूजेत संस्कृत असते तशी. चालींमध्ये कीव्हच्या परंपरेतल्या चाली आहेत. पाचवा भागही कीव्हच्याच चालीवर आहे. पीटर्सबर्गच्या दरबारी क्वायरमध्ये पिढ्यानपिढ्या युक्रेनमधून गायक आणले जात, आणि तिथला मोठा रचनाकार बोर्त्न्यान्स्की युक्रेनमधल्या ह्लुखिव्हचा. ऐकताना हे श्रेय मनात असू द्यावं.

भाषा न येण्याचा प्रश्न तुम्ही विचारलात. ते तुम्ही काय ऐकता यावर आहे. प्रार्थनेला भावार्थ पुरतो. ऑपेराला, म्हणजे वाद्यवृंदासोबत गाऊन केलेल्या नाटकाला, मात्र शब्द लागतात, आणि रशियन ऑपेराला जरा जास्तच, कारण मुसोर्ग्स्कीने बोलण्याच्या चढउतारातूनच गाणं काढलं. त्याचा 'बोरिस गोदुनोव्ह' १८७४ मध्ये पीटर्सबर्गला रंगमंचावर आला. त्यातला राज्याभिषेकाचा प्रसंग आधी ऐका. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा दोनच स्वरसंघात (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ) आळीपाळीने वाजवत राहतो, एकमेकांपासून शक्य तितके दूरचे. त्या घंटा आहेत. रशियात घंटा स्वतः हलत नाही, ती जागच्या जागी असते आणि दोरीने तिचा लोलक ओढून वाजवतात. त्यामुळे वेगवेगळ्या घंटांची गुंतागुंतीची लय बांधता येते. चर्चमध्ये वाद्य नाही आणि बाहेर घंटा, असे दोन आवाज घेऊन तिथलं मूल मोठं होत होतं.

बोरिसच्या भूमिकेत फ्योदोर शल्यापिनला ऐका, १९२८ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधल्या प्रयोगात मुद्रित झालेला मृत्यूचा प्रसंग. शल्यापिन ऑक्टाव्हिस्ट नव्हता, हे लक्षात ठेवा. ऑपेरातल्या बासला तितकं खाली जावं लागत नाही, त्याला ऑर्केस्ट्राच्या वरून सभागृह भरावं लागतं. हे दोन वेगळे पेशे आहेत. शल्यापिनकडे होतं ते शब्दाला स्वरात बसवण्याचं कसब. नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला ते लगेच पोचतं, कारण गाताना पात्र सुटू न देणं म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे.

त्याच सवयीचा आणखी एक उपयोग करा. आपण एकच पद दोन गायकांकडून ऐकून वाद घालतो ना? चायकोव्स्कीच्या 'येव्गेनी ओनेगिन'मधलं लेन्स्कीचं गाणं घ्या. द्वंद्वयुद्धाच्या सकाळी एक तरुण कवी आपल्या तारुण्याचा निरोप घेतो. मूळ कथा पुश्किनची, आणि तो स्वतः १८३७ मध्ये द्वंद्वातच गेला. हे सर्गेई लेमेशेव्ह आणि इवान कोझलोव्स्की या दोन टेनरांकडून लागोपाठ ऐका. मॉस्कोत दोघांचे चाहते एकमेकांशी भांडत. मला लेमेशेव्ह जवळचा वाटतो, तो जणू स्वतःशीच बोलतो. कोझलोव्स्कीची कारागिरी जास्त उघड आहे आणि त्याचा वरचा स्वर विलक्षण आहे. तुमचं मत उलट होऊ शकतं.

रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'साद्को'मध्ये एक भारतीय व्यापारी नोव्गोरोदला येऊन आपल्या देशातल्या अगणित हिऱ्यामोत्यांचं गाणं म्हणतो, तेही ऐका. त्यात आपला राग शोधू नका, तो रशियन कल्पनेतला भारत आहे. पण ती कल्पना अगदी हवेतली नाही. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन आपल्या चौलला उतरला होता आणि रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. अलिबागला गेलात तर बघून या.

वाद्यसंगीताकडे आत्ता या, आणि शोस्ताकोविचच्या तेराव्या सिंफनीच्या पुलावरून या. ही १९६२ ची रचना. तिच्यात एक बास गायक आणि केवळ बास आवाजांचाच पुरुषवृंद आहे. पहिल्या भागातली येव्तुशेन्कोची कविता कीव्हजवळच्या बाबी यारबद्दल आहे, जिथे १९४१ च्या सप्टेंबरमध्ये दोन दिवसांत तेहेतीस हजारांहून जास्त ज्यूंना मारलं गेलं. घंटेचा टोला पडतो आणि सगळे बास एका सुरात गाऊ लागतात. तुम्ही चर्चमध्ये ऐकलेली ती जमीन इथे साक्ष देते आहे. हे जड आहे. मन तयार नसेल त्या दिवशी लावू नका.

मग चायकोव्स्की, पण पूर्ण सिंफनी नको. सहाव्या सिंफनीचा दुसरा भाग लावा आणि मांडीवर बोटांनी मात्रा धरा: धी ना, धी धी ना. तो पाच मात्रांचा आहे, दोन आणि तीन, म्हणजे आपल्या झपतालाचा अर्धा. वॉल्ट्झच्या तीन मात्रांना सरावलेले लोक इथे अडखळतात, तुम्ही अडखळणार नाही. मग शेवटचा, चौथा भाग. युरोपात सिंफनी बहुधा जल्लोषात संपते. ही हळूहळू विझत जाते आणि शेवटी चेलो आणि डबल बास (चेलोहूनही मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य) एवढेच खाली उरतात. १८९३ च्या ऑक्टोबरात त्याने स्वतः ती पहिल्यांदा सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. रखमानिनोव्हच्या पाचव्या भागाचा शेवट तुमच्या कानात असेल, तर या शेवटाशी तुमची ओळख आधीच झालेली असेल.

याच कानाने रखमानिनोव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेची, सुरुवात ऐका. एकटा पियानो, आणि प्रत्येक स्वरसंघाताच्या खाली एक घंटेसारखा टोला, वाढत वाढत येणारा. त्याचं 'व्होकालिज' तर अगदी तुमच्यासाठी आहे. त्यात शब्दच नाहीत, गायिका एकाच स्वरवर्णावर गाते. आकारातलं गाणं ऐकायला तुम्हाला कुणी शिकवायला नको.

किती दिवस लागतील हे मी सांगू शकत नाही. रोज वीस मिनिटं शांतपणे मिळत असतील तर चार-पाच महिने धरा. प्रवासात, कानात गर्दीचा आवाज मिसळून ऐकणार असाल तर यातलं हळू संगीत हाती लागणार नाही, ते घरी ठेवा. मुंबईला जाणं होत असेल तर एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल बघा. २००६ मध्ये स्थापन झालेल्या या वाद्यवृंदात कझाकस्तान आणि जुन्या सोव्हिएत प्रदेशातून आलेले बरेच वादक राहिले आहेत. डबल बासचा स्वर खुर्चीतून अंगात येतो, तो कुठलाही हेडफोन देत नाही. पहिल्यांदा जाल तेव्हा त्या बाजूला जवळ बसा.

सगळ्यात शेवटी रखमानिनोव्हच्या 'सिंफनिक डान्सेस'चा तिसरा भाग ठेवा. पण त्याआधी 'जागर'चा नववा भाग पाठ होईपर्यंत ऐका, हा क्रम मोडू नका. १९१७ च्या डिसेंबरात त्याने रशिया सोडला, तो परत गेला नाही. १९४० मध्ये अमेरिकेत त्याने हे लिहिलं, आणि ती त्याची शेवटची रचना ठरली. धडाक्याने धावणाऱ्या त्या ऑर्केस्ट्रात, शेवटाजवळ, त्या नवव्या भागाची चाल पुन्हा येते, पंचवीस वर्षांनी आणि आता शब्दांशिवाय. तिथे हस्तलिखितात त्याने 'आलिलुया', म्हणजे देवाची स्तुती असो, असं लिहून ठेवलं आहे. ती चाल तुम्हाला कुणी न सांगता ओळखू आली, तर मला जरूर कळवा.